आईच्या कोपऱ्याची दोरी

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गुंडाळून ठेवलेला तंबू तंबूसारखा मुळीच दिसत नाही. मला पाहून कुणी म्हणतं गादीची वळकटी, कुणी म्हणतं जुने पडदे. एकदा पाण्याची टाकी दुरुस्त करायला आलेला प्लंबर माळ्यावर चढला आणि माझ्यावर ऐसपैस बसून त्यानं आपला डबा खाल्ला. मी काही बोललो नाही. उभं राहिल्याशिवाय आपल्याला कुणी ओळखत नाही, हे आम्हा तंबूंना चांगलं ठाऊक असतं.

माझा मूळ रंग राखाडी. आता त्यात थोडा हिरवा मिसळलाय, थोडा काळा, आणि दाराजवळ चहाचा एक डाग आहे. तो डाग मला फार आवडतो. माझ्या घरची माणसं मला ‘हत्ती’ म्हणतात. उभा केला की मी खरंच बसलेल्या हत्तीसारखा दिसतो. पुढचं झापड वाऱ्यावर हललं की सोंड हलल्यासारखी वाटते.

माझा जन्म पत्र्याच्या छपराच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे शिलाई यंत्रांच्या रांगा होत्या आणि सगळीकडे मेणाचा नि यंत्राच्या तेलाचा वास भरलेला असे. मला शिवणाऱ्या बाईंना सारख्या शिंका यायच्या, आणि प्रत्येक शिंकेनंतर त्या आपल्या यंत्राला म्हणायच्या, “दचकू नकोस रे.” त्यांनी माझ्या प्रत्येक शिवणीवरून दोनदा टाके घातले. कोपऱ्यांना पितळेच्या कड्या ठोकल्या, कड्यांत पांढऱ्या सुती दोऱ्या ओवल्या. मग मला वर टांगून त्या माझ्या आत आल्या, जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि मान वर करून माझं छत न्याहाळू लागल्या.

शेजारच्या यंत्रावरची बाई ओरडली, “आत काय करतेस गं? झोपलीस की काय?”

“उजेड शोधतेय,” या म्हणाल्या. “उजेड आत आला म्हणजे पाणी पण येणार.”

त्यांना टाचणीच्या टोकाएवढं एक भोक सापडलं. त्यांनी तिथे बोटानं मेण चोळलं. मित्रांनो, माझ्या पोटात येऊन बसलेलं ते पहिलं माणूस. त्यानंतर पुष्कळ जण आले, झोपले, घोरले. पण इतक्या प्रेमानं वर पाहणारं माणूस मला पुन्हा भेटायला फार वर्षं लागली.

कारखान्यातून मी दुकानात गेलो आणि दुकानातून एका घरी. दोन खोल्यांचं घर, वर गच्ची, न्हाणीघरावर माळा. घरात बाबा होते, आई होती आणि त्यांची मुलगी होती. तिला सगळे ताई म्हणत, खरं तर तिच्या पाठीवर कुणीच नव्हतं. आणि दर सुटीच्या दिवशी सकाळीच हजर होणारा आईचा धाकटा भाऊ, म्हणजे मामा.

बाबा छापखान्यात प्रुफं तपासायचे. मजकूर छापून जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं काम. पण हे काम काही संध्याकाळी छापखान्यात ठेवून येता येत नाही. त्यांच्या खिशात कायम एक भिंग असे आणि नजरेत कायम एक चूक. मी घरी आलो त्या दिवशी माझ्यासोबत उभारणीच्या सूचनांचा एक कागद होता. बाबांनी तो हातात घेतला, पेन काढलं, आणि कागदातल्या चुका सुधारता सुधारता अंधार पडला. मी तसाच गच्चीवर पडून राहिलो.

“कागद उभा राहिला बरं का, भावोजी,” मामा म्हणाला. “आता तंबूचं बघायचं का?”

आई काचसामानाच्या मोठ्या दुकानात पार्सलं बांधायची. पेले, बरण्या, फुलदाण्या पेंढ्यात गुंडाळून खोक्यात भरायच्या आणि खोक्याला सुतळी बांधायची. तिची गाठ मोठी नवलाची होती. खोकं कितीही हलवा, आपटा, ती सैल व्हायची नाही. पण बाहेर डोकावणारं टोक धरून एकदा ओढलं, की सुर्रकन सुटायची. दुकानातल्या इतरांना तिचं हसू यायचं. पार्सल बांधणाऱ्यानं घट्ट बांधावं, पुढचं ज्याचं तो बघेल, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणायची, “अगं, घरी जाऊन माणूस दमलेलं असतं. कात्री शोधत कुठे बसेल? बांधताना सोडणाऱ्याचा विचार करायला नको?”

त्या उन्हाळ्यात आम्ही पहिल्यांदा डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. बस फाटकाशी सोडायची. तिथून जंगलातून चढ चढत वरच्या तळ्यापर्यंत चालायचं. फाटकावर खाकी टोपीतल्या वनरक्षक बाई सगळ्यांना तेच ते नियम सांगत उभ्या असत. वाट सोडायची नाही, फुलं तोडायची नाहीत, खाण्याचं सगळं तळ्याकाठच्या लोखंडी पेटीत ठेवायचं, कारण इथे अस्वलं आहेत.

“अस्वल तंबूत शिरलं तर काय करायचं हो?” ताईनं विचारलं.

“शिरणार नाही,” आई म्हणाली. “तुझा मामा आतून घोरत असणार. अस्वलाला वाटेल, इथे आपलंच कुणीतरी आधीपासून आहे.”

मी बाबांच्या पाठीवर होतो. पाठीवरून जंगल दिसत नाही, ऐकू येतं. वाळलेल्या पानांवर चार जोडी बुटांचा चुरचुर आवाज, डावीकडून उजवीकडे सरकत जाणारा झरा, आणि बाबांच्या श्वासाची लय. चढ लागला की श्वास आखूड, सपाटी आली की लांब. त्या लयीत मला गुंगी यायची. मध्येच थंड हवेचा पट्टा यायचा आणि माझं कापड ताठ व्हायचं. मग एकदम सगळे गप्प झाले, तेव्हा मला कळलं की तळं आलं.

आता माझ्या उभारणीची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. पहिल्याच दिवशी बाबा मामाच्या कोपऱ्यापाशी जाऊन म्हणाले, “खुंटी तिरपी आहे.”

“माझी खुंटी आहे. तिला झोप आलीय,” मामा म्हणाला. “तुम्ही आपल्या कोपऱ्यातल्या चुका काढा.”

झालं. तेव्हापासून नियम ठरला. चार कोपरे, चार माणसं. ज्याचा कोपरा त्यानंच बांधायचा आणि दुसऱ्याच्या कोपऱ्याला हात लावायचा नाही. बाबांचा कोपरा पट्टीनं आखल्यासारखा सरळ असे. मामाच्या कोपऱ्यात गाठीवर गाठ, तिच्यावर आणखी एक गाठ. ताई जीभ दातांत धरून दोरी खेचायची. आणि आई? ती आपल्या लाकडी खुंटीपाशी वाकायची, सरळ व्हायची, एवढंच दिसायचं. गाठ केव्हा पडली हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही. बाकीचे तिघे खुंट्यांशी भांडत असताना तिचा चहा उकळायला लागलेला असे. दाराजवळचा डाग त्याच चहाचा.

परतायच्या दिवशी बाबांची गाठ नखांनी सुटायची, मामाची दातांनी. आईचा कोपरा मुद्दाम शेवटी ठेवलेला असे. आई म्हणायची, “ओढ!” ताई टोक धरून एकदाच ओढायची आणि मी ‘हुश्श’ करून हळूच खाली बसायचो. सगळे हसायचे. दर सहलीला हसायचे, जणू पहिल्यांदाच पाहताहेत.

पण घरी आल्यावर सहल संपायची नाही. आई मला गच्चीवर उलगडायची, दोन्ही बाजूंनी ऊन द्यायची, शिवणींवरून हात फिरवायची. पूर्ण वाळल्याशिवाय मला पिशवीत जायची परवानगी नसे. “ओलं गुंडाळलं की आतल्या आत कुजतं,” ती म्हणायची आणि माझ्या कापडाला नाक लावून वास घ्यायची.

मित्रांनो, ती वर्षं मला आता स्वप्नासारखी आठवतात. पहाटे पानांच्या सावल्या माझ्या अंगावर उमटायच्या आणि वारा आला की सगळ्या मिळून एका बाजूला पळायच्या. धुकं तळ्यावरून उठून दारापाशी यायचं आणि आत यावं की न यावं अशा विचारात थांबायचं. हरणं इतक्या जवळून जायची की त्यांचा श्वास मला लागायचा. आतल्या माणसांचे श्वास माझ्या छताला चिकटून त्यांचे थेंब व्हायचे. झोपेत बोललेले शब्दसुद्धा त्यांत असतील. कोणता थेंब कुणाचा, हे मला तेव्हा ओळखता यायचं.

ताई मोठी झाली, कॉलेजात गेली, तरी आम्ही जात राहिलो. मग एक सहल अशी आली, की आई चढावर सारखी थांबू लागली.

“काय गं?” बाबांनी विचारलं.

“काही नाही हो. झाडं बघतेय.”

“अक्का, तू हे झाड मघाशी पण बघितलंस,” मामा म्हणाला. तो हसला नाही.

तळ्याशी पोहोचल्यावर तिनं आपला कोपरा बांधला. त्या वेळी मात्र ती खुंटीपाशी वाकून थोडा वेळ तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेच पावसात. आईला धाप लागली होती, ओठ निळसर पडले होते. ताई धावत खाली जाऊन वनरक्षक बाईंना घेऊन आली. जंगलातल्या कच्च्या रस्त्यानं त्यांची जीप आली. सगळी आवराआवर घाईघाईत झाली. गाठी सोडायला वेळ कुणाला? बाबांनी खुंट्या जमिनीतून उपटल्या आणि दोऱ्यांसकट, चिखलासकट मला गुंडाळलं.

जीपमध्ये बसवलेली आई म्हणाली, “अहो, हत्ती भिजलाय. जरा झटकून तरी घ्या.”

“आता हत्तीचं काय घेऊन बसलीस!” बाबा म्हणाले.

तिचा आवाज मी ऐकला तो शेवटचा.

घरी मला माळ्यावर टाकलं. मी वाट पाहत राहिलो. आज गच्चीवर नेतील, उद्या नेतील. गच्चीचं काम आईचं होतं आणि दुसऱ्याच्या कोपऱ्याला हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. ती इस्पितळातून परत आली नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. पण मी ओलाच राहिलो, त्यावरून मला कळलं.

माळ्यावर एक मोडका पंखा होता, ताईचा पाळणा होता आणि कुलूप हरवलेली एक पेटी होती. आम्ही एकमेकांना ओझं वाटायचो नाही. माझ्यावर बुरशी चढली. आधी ती मखमलीसारखी मऊ वाटली, मग तिनं मला खायला सुरुवात केली. मी स्वप्नं बघायचो. स्वप्नात तळं यायचं, पण त्याच्या काठावर कुणीच नसायचं.

कधीतरी भर दुपारी, घरात दुसरं कुणी नसताना, बाबा स्टुलावर चढायचे. पिशवीचं तोंड सैल करायचे आणि आत हात घालून चाचपायचे. चार खुंट्यांतली एकच खुंटी त्यांना हवी असायची. आईची. खुंटीवर तिनं बांधलेली गाठ जशीच्या तशी होती. ते तिच्यावर अंगठा ठेवायचे आणि तसेच उभे राहायचे. मग पिशवी बंद करून उतरायचे. एकदा मामानं त्यांना स्टुलावर पकडलं.

“काय शोधताय, भावोजी?”

“काही नाही. पंखा दुरुस्त होतो का बघत होतो.”

मामा पंख्याकडे बघत राहिला. पंख्याला पाती नव्हती.

अशी बरीच वर्षं गेली. ताईचं लग्न झालं, तिला मुलगी झाली. मुलगी एका जागी दोन क्षण टिकत नसे, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. एका सुटीत दोघी राहायला आल्या असताना ताईनं माळ्याचं दार उघडलं आणि नाकाला पदर लावला. मग तिनं मला खाली ओढलं आणि थेट गच्चीवर नेलं.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी ऊन लागलं तेव्हा मला आधी ते ओळखूच आलं नाही.

बाबा धापा टाकत जिना चढून आले. “कुणी काढला हा?”

“मी काढला. बाबा, आपण याला ओलाच गुंडाळला होता.”

“माहीत आहे मला.”

“भिंगरीला तळं दाखवायचंय.”

“मग नवा घ्या की. हल्ली छत्रीसारखे उघडतात म्हणे. फट् केलं की तयार.”

“आजोबा, फट् नको,” भिंगरी म्हणाली. “मला हत्ती हवाय.” आणि ती सरपटत माझ्या आत शिरली.

ताईनं दोऱ्या सरळ करायला घेतल्या. तीन झाल्या. चौथीपाशी तिचा हात थांबला. खुंटी, खुंटीवर दोन फेरे, एक घडी, आणि घडीतून डोकावणारं टोक.

“बाबा, ही आईची?”

बाबांनी मान हलवली. “ती सोडायची नाही,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “तिच्या हातचं घरात तेवढंच उरलंय बघ. भांडी घासली गेली, चादरी धुतल्या गेल्या. सगळ्यावरून कुणा ना कुणाचा हात फिरला. यावरून नाही.”

ताईनं खुंटी अलगद खाली ठेवली. म्हणाली, “नाही सोडणार. तो कोपरा आपण दुसऱ्या दोरीनं बांधू. पण हत्तीला नेऊ या, बाबा. इथे तो सडून जाईल, आणि गाठही त्याच्याबरोबर जाईल.”

हे बोलणं चाललं होतं तेव्हा भिंगरी माझ्या पोटात पाठीवर पडून वर पाहत होती. तिच्या कानांवर यातलं काहीच पडलं नाही.

“आई!” ती आतून ओरडली. “हत्तीच्या पोटात चांदण्या आहेत!”

बुरशीनं पाडलेली ती भोकं होती. ताई मेणबत्ती घेऊन आत आली. भिंगरीनं एकेक चांदणी बोटानं दाखवायची आणि ताईनं तिच्यावर मेण चोळायचं. मला शिवणाऱ्या त्या शिंकऱ्या बाईंची फार आठवण आली.

मामाही आला. त्याच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते. “मी चालायला येत नाहीये,” त्यानं आधीच सांगितलं. “हत्तीला पोचवायला येतोय.” फाटकावरच्या खाकी टोपीखाली आता दुसरी, तरुण बाई होती. तिनं त्याचे गुडघे पाहून आपल्या जीपमधून त्याला वर सोडायचं कबूल केलं. बाकीचे चालले. या खेपेला मी ताईच्या पाठीवर होतो. तिच्या श्वासाची लय आईसारखी होती. वाटेत ती भिंगरीला सगळं सांगत होती. कुणाचा कोपरा कोणता, मामाच्या गाठी दातांनी कशा सोडाव्या लागत, आणि शेवटी आजी म्हणायची ‘ओढ!’, की एका ओढीत हत्ती कसा हुश्श करून खाली बसायचा.

“एकाच ओढीत?” भिंगरीनं विचारलं.

“एकाच.”

तळं तिथेच होतं. मला वाटलं होतं, ते लहान झालं असेल. ते नव्हतं झालं. तीन कोपरे बांधले गेले. बाबांनी मामाच्या खुंटीकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. चौथ्या कोपऱ्यात आईची दोरी आणि खुंटी त्यांनी रुमालात गुंडाळून माझ्या झापडाखाली सरकवली आणि कडीतून प्लॅस्टिकची सुतळी ओवून ती एका दगडाला बांधली. मी उभा राहिलो, पण एका पायावर भार देऊन उभ्या राहिलेल्या माणसासारखा. आपला एक कोपरा परका आहे, हे अंगाला जाणवत राहतं.

ऊन उतरू लागलं होतं. ताई चहाला लागली. भिंगरी माझ्याभोवती फिरत होती, फिरता फिरता खाली बसली, आणि तिला रुमाल सापडला. रुमालात खुंटी. खुंटीवर गाठ. तिला ती लगेच ओळखू आली, वाटभर हेच तर ऐकलं होतं. तिला वाटलं, मोठी माणसं हिला लावायचीच विसरली. आणि आजीची गाठ समोर असली की लहान मुलीनं काय करायचं, हेही तिला ठाऊक होतं.

“ओढ!” असं तिनं स्वतःच म्हटलं आणि टोक धरून ओढलं.

सुर्र.

मित्रांनो, ती दोरी पावसात भिजली होती, अंधारात सुकली होती, बुरशीनं काळी पडली होती. वाकडी झालेली खुंटी तिच्यात रुतून बसली होती. तरीही ती एकाच ओढीत सुटली. तिला बांधणाऱ्या हातांचा मला त्या क्षणीसुद्धा अभिमान वाटला. पण बाबांचा चेहरा मी पाहिला.

“आजोबा, बघा! खरंच एकाच—” भिंगरी म्हणाली आणि थांबली. कुणीही हसत नव्हतं.

बाबा ओरडले नाहीत. ते वळले आणि तळ्याच्या काठानं चालू लागले. धुक्यानं त्यांना आधी गुडघ्यांपर्यंत घेतलं, मग कमरेपर्यंत.

“मी काय केलं?” भिंगरीचा आवाज फुटला. ताईनं तिला जवळ ओढलं, पण ताईच्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मामा म्हणाला, “अगं, माझ्या गाठीला हात लावला असतास तर दात पडले असते तुझे.” पण त्याच्याही आवाजात दम नव्हता.

तेवढ्यात वारा आला. संध्याकाळचा वारा तिथे असाच, न सांगता, डोंगरावरून घरंगळत खाली येतो. प्लॅस्टिकची सुतळी दगडावर घासली आणि तुटली. माझा चौथा कोपरा हवेत उडाला. मी फडफडू लागलो, आईची दोरी चाबकासारखी फिरू लागली. ताईनं आणि मामानं मला दोन बाजूंनी धरलं, पण दोरी कुणाच्याच हाती लागेना.

धुक्यातून बाबा धावत आले. या वयात धावत. त्यांनी हवेतच दोरी पकडली आणि खुंटीला गुंडाळण्यासाठी खाली बसले. मग त्यांचे हात थांबले.

ती दोरी एकरंगी नव्हती. बाहेरचा भाग बुरशीनं काळवंडला होता. पण गाठीत जिथे जिथे ती स्वतःवरच घट्ट बसली होती, तिथे बुरशी पोचलीच नव्हती. तिथे ती अजून पहिल्या दिवसासारखी पांढरी होती. काळा, पांढरा, पुन्हा काळा, एक आडवा पांढरा पट्टा. आणि जिथे ती वळली होती, तिथे तिची वळणं अजून तशीच होती.

बाबांनी चष्मा वर केला आणि खिशातून भिंग काढलं.

“भावोजी, आता तरी नुसती बांधा हो!” मामा माझं कापड धरून ओरडला. “काय वाचताय?”

“थांबा,” बाबा म्हणाले. “लिहिलंय सगळं.”

भिंगरी डोळे पुसत त्यांच्याजवळ जाऊन बसली. त्यांनी खुंटी तिच्या हातात दिली. “घट्ट धर. हे बघ, हा पांढरा डाग. म्हणजे याच्यावरून दुसरा फेरा गेला होता. आणि इथे बोटाएवढी घडी.”

त्यांनी एकदा बांधलं. एक पांढरा पट्टा बाहेर राहिला.

“चुकलं,” भिंगरी म्हणाली. “हा दिसतोय.”

“दिसतोय खरा,” बाबा म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला चूक दाखवलेली इतकी आवडलेली मी पाहिली नव्हती. “एकही पांढरा डाग दिसता कामा नये. सगळे झाकले गेले, की गाठ बरोबर.”

त्यांनी सोडून पुन्हा बांधलं. फेरा उलटा पडला. पुन्हा सोडलं. आणि मग दोरीनं स्वतःच अंग वळवल्यासारखं केलं, जुन्या वळणात जुनं वळण बसलं, घडीतून टोक डोकावलं. भिंगरीनं खुंटी फिरवून फिरवून पाहिली. सगळं काळं होतं. पांढरं कुठेच नव्हतं.

बाबांनी खुंटी जमिनीत ठोकली. मी ताठ झालो. चारही बाजूंनी सारखा ताण आला आणि वारा माझ्यावरून घसरून तळ्याकडे निघून गेला. कितीतरी वर्षांनी मी पूर्ण उभा होतो.

बाबा त्या गाठीकडे पाहत राहिले. मग त्यांनी वारा पडू दिला आणि भिंगरीला म्हणाले, “आता ओढ.”

“नको! सुटेल.”

“सुटायलाच बांधलीय ती. बांधताना तुझी आजी कायम सोडणाऱ्याचा विचार करायची. ती तुझाच विचार करत होती म्हण ना.” त्यांनी टोक तिच्या बोटांत दिलं. “ओढ तू. पुन्हा बांधू.”

तिनं ओढलं. त्यांनी बांधलं. मग ताईनं बांधलं. मामानंही प्रयत्न केला आणि त्याची गाठ पडली ती नेहमीचीच, दातांची. भिंगरीनं शेवटी आपली आपण बांधली, तेव्हा तळ्यावरचा उजेड जेमतेम उरला होता आणि चहा थंडगार झाला होता.

“हा कोपरा आता तुझा,” ताई म्हणाली.

भिंगरीनं विचार केला. “नाही. आजीचाच. मी फक्त बांधते.”

परतायच्या सकाळी तीन कोपरे सुटले. चौथ्यापाशी सगळे जमले. बाबा म्हणाले, “ओढ!” मी हुश्श केलं. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, मामा हसता हसता खाली बसला आणि गुडघ्यांमुळे त्याला उठता येईना.

माझ्या अंगावर दव होतं. ताई मला गुंडाळू लागली, तशी बाबांनी मला तिच्या हातून घेतलं आणि झुडपांवर पसरलं.

“बाबा, बस चुकेल.”

“चुकू दे. ओला आहे तो.”

मग सगळे दगडांवर बसून राहिले. कुणाला काही घाई नव्हती. ऊन झाडांमधून हळूहळू उतरून आलं आणि माझ्या पाठीवर बसलं. बाबा मधूनमधून उठून मला उलटवत होते. शेवटी त्यांनी माझ्या कापडाला नाक लावलं आणि डोळे मिटून खूप वेळ वास घेतला.

मित्रांनो, सध्या मी पुन्हा माळ्यावरच आहे, पंख्याच्या शेजारी. पण मी कोरडा आहे आणि उन्हाळ्याची वाट पाहतो आहे. तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणी असेल. तंबू असेल, छत्री असेल, कदाचित एखादं माणूसही असेल. त्याला ओलं गुंडाळून ठेवू नका. घाई असली तरी, रडू येत असलं तरी, एकदा उलगडून ऊन दाखवा.

आईची दोरी आता सुटी असते. तिच्यावर गाठ नाही. आत हात घालून बघायला हल्ली कुणी स्टुलावर चढत नाही, त्याची गरज उरलेली नाही. पण गार हवा सुटली की मला जाणवतं, दोरी अंधारातल्या अंधारात हळूच वळते. दोन फेरे, एक घडी, आणि बाहेर डोकावणारं टोक. ती आपलं पाठ केलेलं म्हणून बघत असते.